थ्रिफ्टच्या कपड्यांवरचा आरएन नंबर आणि एफटीसीचा फुकटचा डेटाबेस: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

थ्रिफ्टमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून, कपडे घेणारी मराठी मंडळी इथे अमेरिकेत आता बरीच झालीयेत, आणि सगळे गळ्याच्या लेबलबद्दलच बोलतात, कुठला ब्रँड मिळाला, केवढ्याला मिळाला. मला आज त्या दुसऱ्या लेबलबद्दल लिहायचंय, जे आत बाजूच्या शिवणीत कमरेच्या खाली लावलेलं असतं, पांढरी गुळगुळीत पट्टी, धुऊन धुऊन अर्धी पुसलेली, जिच्याकडे दुकानात कोणी बघतही नाही. त्या पट्टीवर बारीक अक्षरात आरएन लिहून पुढे पाच नाहीतर सहा आकडे असतात, आणि तो नंबर कोणाचा आहे हे सांगणारी सेवा फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, सगळ्यांसाठी फुकट उघडी ठेवलीय. हा रिव्ह्यू त्या सेवेचा. पाचपैकी चार स्टार देईन. एक का कापला ते पुढे येईलच.

आधी हा नंबर कपड्यावर का असतो ते सांगते, कारण ते कळलं नाही तर सेवेकडून भलतीच अपेक्षा ठेवली जाते. अमेरिकेत कपडा विकायचा तर कायद्याने त्यावर तीन गोष्टी लागतात, कापड कशाचं आहे, कुठल्या देशात बनलं, आणि जबाबदार कोण. ह्या तिसऱ्या गोष्टीसाठी कंपनीने आपलं नाव छापायचं किंवा नावाऐवजी एफटीसीने दिलेला रजिस्टर्ड नंबर छापायचा, तोच आरएन. हा फक्त अमेरिकेत धंदा असणाऱ्यांनाच मिळतो, बनवणारे, आयात करणारे, वितरक, विकणारे कोणीही, आणि एकाने दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. म्हणजे गळ्याला 'पॅरिस' लिहिलेलं काहीतरी गोंडस नाव असलं तरी शिवणीतला नंबर सांगतो की माल अमक्या अमक्या आयातदाराचा आहे. ही माहिती लपवलेली नाहीये, शोधायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

वापरायला एकदम सोपं. गुगलवर एफटीसी आरएन डेटाबेस असं टाकायचं, साइट उघडते, नंबर टाकायचा, कंपनीचं कायदेशीर नाव आणि पत्ता समोर. लॉगिन नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. उलट्या बाजूनेही शोधता येतं, कंपनीचं नाव टाकून नंबर काढता येतो, आणि मला तर हे जास्त उपयोगी वाटतं, कारण आवडत्या ब्रँडचे नंबर मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवले की दुकानात नेट नसलं तरी अडत नाही. न्यू जर्सीतली बरीच थ्रिफ्टची दुकानं चर्चच्या तळघरात आहेत, तिथे सिग्नलची बोंबच असते.

एक उदाहरण देते. मोठ्या चौकड्यांचा जाड फ्लॅनेलचा पुरुषी शर्ट, हिरवा आणि विटकरी, गळ्याचं लेबल कोणीतरी कात्रीने काढून टाकलेलं, तिथे दोन्ही टोकांना दोऱ्याचे चार चार टाके तेवढे शिल्लक. दुकानदारीणबाईंना ब्रँड माहीत नाही म्हणून शर्ट सहा डॉलरच्या रॅकवर. मी आतून बाजूची शिवण उलटी केली, पट्टीवरची छपाई फिकट पिवळट झालेली, सरळ बघितलं तर काही दिसत नव्हतं, मग मोबाइलचा टॉर्च पट्टीच्या मागून लावला तशी अक्षरं उठून दिसली, ७१३४१. हा एल. एल. बीन ह्या जुन्या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीचा नंबर, मेन राज्यातल्या फ्रीपोर्टची कंपनी. नवीन घ्यायला गेलं तर कितीतरी जास्त पैसे पडले असते, आणि इथे शर्टाच्या खिशाची चौकड अंगाच्या चौकडीशी रेघ न् रेघ जुळवलेली, काजं घट्ट, बटणाखाली दोऱ्याची मान काढलेली. टॉर्च मागून लावायची ही युक्ती लक्षात ठेवा, पुढून फ्लॅश मारला तर चकाकी येते आणि उलट काहीच दिसत नाही.

आता तो कापलेला एक स्टार. लोक ह्या नंबरवरून कपड्याचं वय काढायला बघतात आणि तिथे फसतात. जुने कपडे विकणाऱ्यांमध्ये एक हिशोब फिरत असतो, नंबरातून १३६७० वजा करा, २६३५ ने भागा, आलेल्या आकड्यात १९५९ मिळवा, झालं वर्ष. हिशोब तसा बिनबुडाचा नाही, कारण आत्ताची मालिका १९५९ मध्ये १३६७० पासून सुरू झाली आणि त्यानंतर नंबर चढत्या क्रमाने दिले गेले. पण उत्तर काय येतं? कंपनीला नंबर कधी मिळाला ते, आणि तेही अंदाजे. पॅटागोनियाचा ५१८८४ घ्या, हिशोबाने १९७३ च्या आसपास येतं आणि कंपनीही १९७३ चीच, सगळं छान जुळलं. जे. क्रूचा ७७३८८ घ्या, १९८३ येतं आणि त्यांचा पहिला कॅटलॉग १९८३ चा, वा. पण तोच हिशोब माझ्या शर्टाला लावला तर १९८१ येतं, आणि एल. एल. बीन कंपनी तर १९१२ पासून आहे, आणि तोच नंबर त्यांच्या अगदी अलीकडच्या कपड्यांवरही असतो. म्हणजे ह्या नंबराने एवढंच कळतं की कपडा नंबर मिळायच्या आधीचा नाही. ऑनलाइन विकणारे सर्रास "आरएनवरून १९८१ चा व्हिंटेज" लिहितात आणि किंमत तिप्पट लावतात, अशांकडून घेऊ नका, किंवा निदान वॉश केअरच्या पट्टीचा फोटो मागा आणि मग बोला.

एक ढोबळ गोष्ट मात्र खरंच कामाची आहे. सहा आकडी आरएन दिसला की कपडा साधारण नव्वदीच्या सुरुवातीच्या अलीकडचा, मग विकणारा काही का सांगेना. आणि आरएनऐवजी डब्ल्यूपीएल लिहिलेलं असलं तर ते लोकरीच्या कायद्याखालचे जुने नंबर, १९४१ ते १९५९ मध्ये दिलेले. पण तिथेही तीच गंमत, लिव्हाइसचा डब्ल्यूपीएल ४२३ आजच्या जीन्सवरही छापलेला असतो. तेव्हा डब्ल्यूपीएल दिसला म्हणून लगेच चाळीस सालचा माल समजू नका.

मग वय कळतं कशाने? उरलेल्या पट्टीने. हाच मला सगळ्यात आवडणारा भाग आहे आणि ह्यासाठी कुठल्या साइटची गरज नाही, फक्त तीन-चार साल पाठ पाहिजेत. वॉश केअरच्या सूचना अमेरिकेत जुलै १९७२ पासून सक्तीच्या झाल्या, त्यामुळे कपड्यात कुठेच धुण्याची सूचना नाही आणि लेबल उसवल्याच्या खुणाही नाहीत, तर तो त्याआधीचा असायची शक्यता चांगली. शब्दांऐवजी नुसती चिन्हं, ते पाण्याचं घमेलं आणि त्रिकोण आणि इस्त्री, असतील तर १९९७ किंवा नंतरचा, कारण नुसत्या चिन्हांवर भागवायची परवानगी तेव्हा मिळाली. कापडाचे टक्के, म्हणजे साठ टक्के कॉटन चाळीस टक्के पॉलिएस्टर असं लिहिणं मार्च १९६० पासून लागू झालं, त्यामुळे नुसतं 'डेक्रॉन' किंवा 'ऑरलॉन' असं कंपनीने धाग्याला दिलेलं नाव आणि बाकी काही नाही असा ड्रेस मिळाला तर नीट बघा, बहुतेक त्याआधीचा असतो. लोकरीच्या कोटावर 'रीप्रोसेस्ड वूल' किंवा 'रीयूज्ड वूल' लिहिलेलं असेल तर १९८० च्या आधीचा, त्या साली कायदा बदलून सगळ्याला 'रिसायकल्ड वूल' म्हणायला लागले. वूलमार्कचं, म्हणजे शुद्ध लोकरीच्या खुणेचं, ते गुंडाळलेल्या धाग्यासारखं चिन्ह १९६४ च्या आधी सापडणार नाही. देशांची नावं तर फारच मदत करतात, वेस्ट जर्मनी लिहिलंय म्हणजे १९९० च्या आधी, ब्रिटिश हाँगकाँग म्हणजे १९९७ च्या आधी, युगोस्लाव्हिया असेल तर जपूनच ठेवा. आणि अमेरिकेतच बनलेल्या कपड्यावर मेड इन यूएसए लिहिणं १९८४ च्या शेवटापासून सक्तीचं झालं, त्यामुळे देशच लिहिलेला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, जुना अमेरिकन कपडा तसाच असायचा.

आणि युनियनचं लेबल. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. बायकांच्या जुन्या अमेरिकन कपड्यात आत शिवणीत एक वेगळी छोटी चिंधी सापडते, त्यावर आयएलजीडब्ल्यूयू लिहिलेलं, म्हणजे इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन. १९०० साली न्यूयॉर्कात सुरू झालेली ही शिलाई कामगारांची युनियन, आणि १९११ मध्ये त्याच न्यूयॉर्कात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ जण मेले, बहुतेक स्थलांतरित घरातल्या तरुण मुली, बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं, त्यानंतर ही चळवळ फार वाढली. १९९५ मध्ये ही आणि दुसरी एक युनियन मिळून नवीच युनियन झाली, त्यामुळे लेबल सापडलं की कपडा १९९५ च्या अलीकडे येऊच शकत नाही. लाल, पांढरा, निळा असे तीन रंग असतील तर १९७४ नंतरचा. त्यावर एएफएल-सीआयओ असं अमेरिकेतल्या दोन मोठ्या कामगार महासंघांचं जोडनाव असेल तर १९५५ नंतरचा, कारण त्या दोन संघटना १९५५ मध्ये एक झाल्या. नुसतं एएफएल असेल आणि सीआयओ नसेल तर त्याआधीचा, आणि तसं मिळालं तर मात्र सोडू नका.

माझ्याकडे एक राखाडी लोकरीचा स्कर्ट आहे, गळ्याला, आपलं, कमरेला ब्रँड कुठला तर एका कधीच बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरचा, आरएन पाच आकडी, डेटाबेसमध्ये नाव आलं पण त्या नावाने पुढे काहीच कळलं नाही. पण बाजूला धातूची चेन, आत रेयॉनचं अस्तर, धुण्याची सूचना कुठेच नाही, आणि अस्तराच्या शिवणीत ते युनियनचं लेबल, एएफएल-सीआयओवालं, एकाच निळ्या रंगाचं. म्हणजे १९५५ ते १९७२ च्या मधला. आरएन मालिकेतला म्हणून १९५९ नंतरचा. बारा-तेरा वर्षांत आणून सोडला की नाही? हे नुसत्या नंबराने झालं नसतं आणि नुसत्या युनियनच्या चिंधीनेही नाही. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते, १९८२ च्या संपानंतर घरी बसले ते कायमचे, त्यामुळे कपड्यात कामगारांचं नाव शिवलेलं असतं ही गोष्टच मला फार मोठी वाटते. आरएन सांगतो विकलं कोणी. शिवलं कोणी हे त्या चिंधीतच लिहिलेलं असतं, आणि आता तशी चिंधी जवळजवळ दिसतच नाही.

पुरुषांच्या कोटात युनियनचं लेबल आतल्या खिशात हात घालून शोधावं लागतं, खिशाच्या अस्तराला आतून शिवलेलं असतं. तिथे १९४९ किंवा १९६२ असं साल छापलेलं दिसलं तर ते त्या लेबलच्या डिझाइनचं साल, कोटाचं नाही, कोट त्यानंतरचा.

आपल्याकडचे कपडेही इथे थ्रिफ्टमध्ये खूप सापडतात. सत्तरच्या दशकातले ते पातळ सुती झबल्यासारखे ड्रेस, ठसेछपाईचे, नाड्या आणि घुंगरं लावलेले, इथे आता त्यांना चांगलाच भाव आहे. त्यांच्यावर बऱ्याचदा 'इंडिया इम्पोर्ट्स ऑफ ऱ्होड आयलंड' असं आयातदाराचंच लेबल गळ्याला असतं. आणि मद्रासचे चौकटीचे शर्ट. ते कापड धुतलं की रंग सोडायचं, आणि अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकात हे रंग सोडणं हीच त्याची खासियत म्हणून जाहिरात करून विकलं, 'ब्लीडिंग मद्रास' म्हणत. ह्या मद्रासच्या व्यापाराशी कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर ह्यांचं नाव जोडलेलं आहे, तेच जे पुढे मुंबईत सहार विमानतळाजवळच्या लीला हॉटेलचे मालक म्हणून आपल्याला माहीत झाले, आधी ते हातमागाच्या कापडाची निर्यात करायचे. तुम्हाला खरा जुना मद्रास शर्ट मिळाला तर ओळखायची खूण अशी की कापडाच्या उलट्या-सुलट्या बाजूला रंग सारखाच असतो आणि चौकटींच्या कडा एकमेकांत थोड्या पाझरलेल्या असतात. छापील नकलीत मागची बाजू फिकी असते. तो शर्ट इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका एवढंच सांगते.

पुन्हा सेवेकडे येते. आणखी दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. एक म्हणजे नंबर जुळला म्हणून माल असली असं नसतं. नकली माल बनवणारे पट्टीसकट नक्कल करतात, नंबर काय, कोणीही बघून छापू शकतो. उलट नंबर जुळलाच नाही, म्हणजे गळ्याला एक नाव आणि नंबर भलत्याच टीशर्टवाल्याचा, तर सावध व्हा, तिथे ही सेवा खरी कामाला येते. दुसरी, मोठ्या दुकानांचे घरचे ब्रँड असतात त्यांच्यात नंबर कधी दुकानाचा असतो, कधी माल पुरवणाऱ्याचा, त्यामुळे एकाच ब्रँडच्या दोन ब्लाउजवर दोन वेगळे नंबर दिसले तर लगेच नकली म्हणू नका. युरोपातल्या कपड्यांना हा नंबर नसतोच, जोपर्यंत ते अमेरिकेत विकायला आलेले नाहीत. सीए लिहून पाच आकडे असतील तर तो कॅनडाचा नंबर, त्यांचा डेटाबेस वेगळा आहे, तोही फुकट, आणि खूपशा पट्ट्यांवर दोन्ही नंबर शेजारी शेजारी असतात त्यामुळे एक पुसला तरी दुसरा मिळतो.

जोडीला व्हिंटेज फॅशन गिल्डचं लेबल रिसोर्स वापरा असं मी आग्रहाने सांगेन. तिथे गळ्याच्या लेबलांचे फोटो ब्रँडनुसार लावलेत आणि प्रत्येकाखाली साधारण कुठल्या दशकातलं ते दिलंय, एकाच कंपनीने अक्षरांचं वळण कसं कसं बदललं ते ओळीने बघता येतं. एफटीसीवर कोण ते कळतं, इथे कधी ते. दोन्ही टॅब उघडे ठेवून बसायचं. तिथे भर मोठ्या आणि मध्यम अमेरिकन-युरोपियन नावांवर आहे, आपल्या निर्यातीच्या मालाबद्दल फार काही मिळत नाही, ते काम कोणीतरी आपल्यातल्याने करायला हवंय असं मला फार वाटतं.

मावशी इथे आली होती तेव्हा तिला हे सगळं पटलं नव्हतं, "अगं, कोणी घातलेले कपडे गं, आपण असले बोहारणीला देऊन पातेली घ्यायचो" म्हणाली, पण मग तिनेच माझ्या एका कोटाचं अस्तर चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली हातशिलाई आहे ही, आताच्या कोटात नाही मिळायची. शिवणकाम येणाऱ्या माणसाला बरोबर न्या, हे कुठल्याही डेटाबेसइतकंच महत्त्वाचं आहे.

भारतात असलात तरी ही सेवा चालते, आणि हे फार कमी लोकांना माहितीये म्हणून सांगते. मुंबईत आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर, पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर एक्स्पोर्ट सरप्लस म्हणून जो माल मिळतो त्याचं गळ्याचं लेबल बहुतेक वेळा कापलेलं किंवा मार्करने रेघ मारलेलं असतं, पण शिवणीतली पट्टी पुष्कळदा तशीच राहते, तिच्यावर मेड इन इंडिया आणि आरएन. विक्रेता "मॅडम, ओरिजिनल ब्रँडेड आहे" म्हणतो ते खरं की खोटं ह्याचा निदान एक धागा हाती लागतो, नंबर टाका आणि नाव बघा. नुसत्या नंबरावर जास्त पैसे देऊ नका, शिलाई बघा, बगलेत टीप सुटलीय का, चेन अडकतेय का, दोन्ही बाह्या सारख्या लांबीच्या आहेत का, कारण सरप्लसमध्ये परत आलेला सदोष मालही असतो.

आणि एक विनंती. कपडे दान करताना किंवा कोणाला देताना ही पट्टी कापू नका. टोचते म्हणून सगळे कापतात, मला कळतं, लहान मुलांच्या कपड्यात तर कापावीच लागते. पण टोचतो तो बहुतेक पट्टीचा कापलेला कोपरा असतो, तो दुमडून दोन टाके घातले की टोचत नाही, आणि कापायचीच असली तर त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून कपड्याच्या खिशात एक चिठ्ठी टाका, कापड काय, धुवायचं कसं, नंबर काय. एका दुकानात अशी चिठ्ठी असलेलं स्वेटर मला मिळालं होतं, पेन्सिलीने लिहिलेलं, "लोकर, हाताने धुवा, सपाट वाळवा", त्यामुळे ते अजून नीट आहे.